तीन बटणांचा अर्ज

सोमवारी सकाळी अप्पा नेहमीसारखे साडेआठला तयार होऊन ओट्यावर बसले होते. कपाळाला विभूती, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी पुण्याला परत निघाले होते. भालकीहून दहाच्या गाडीनं हुमनाबाद आणि तिथून हैदराबादकडून येणारी पुण्याची बस, हा माझा सात वर्षांचा ठरलेला रस्ता. अव्वा, म्हणजे माझी आई, डब्यात कडक भाकरी भरत होती. एक डबा भरून झाला, तिनं दुसरा काढला.

"दोन कामून देतीस? ती काय लढाईला जायलीय?" अप्पा म्हणाले.

"तिथल्या मेसमधी काय घालतेत ते बघितलंय मी. डाळीत तोंड दिसतंय."

"तोंड बघायला तरी मिळतंय. आपल्याकडं आरसा कुठाय धड?"

अव्वा हसली नाही, पण डबा बंद करताना तिचे खांदे हलले. मी बॅगेची चेन ओढत होते. तेवढ्यात अप्पा उठून जवळ आले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "लीलव्वा, एक विचारू का तुला?"

"विचारा की."

"मंठाळच्या त्या पोरीचा फॉर्म. रेणूचा. नर्सिंगचा. शनवारी शेवटची तारीख होती. मी दाखल्याचा नंबर तेवढा बदललो, एंटर मारलो, आन् अर्ज मागं घेतला म्हून आलं. मी तसलं काय दाबलोच न्हाई."

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अप्पा, कॉम्प्युटर आपल्या मनानं काही करत नाही. घाईत बोट लागलं असेल."

"माउसला हातच लावलो न्हाई म्हनलं ना."

"मग कसं होईल? तुम्हीच दाबलं असणार. दुसरं कोण दाबणार?"

अप्पांनी खिशातली पेनं सरळ केली. मग म्हणाले, "असंल. वय झालं."

वय झालं असं अप्पांनी त्याआधी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. रिक्षा आली. त्यांनी माझी बॅग उचलली, मी ती त्यांच्या हातून काढून घेतली, आणि मी निघाले.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. आमच्या लिंगायतांत माणूस मेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. शुगर जुनी होती, छातीत दुखायचं ते कुणाला सांगायचे नाहीत. फॉर्ममुळं ते गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही आणि मलाही नाटक करायचं नाही. मी पोचले तोवर लोक वाट बघून थकले होते. अप्पांना बसवून माती दिली. ही दोन हजार दहा सालच्या जूनमधली गोष्ट.

अप्पांची टायपिंगची संस्था भालकीच्या बसस्टँडसमोर अठ्ठ्याहत्तर सालापासून होती. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही. बारा मशिनी एकाच वेळी चालायच्या तेव्हा रस्त्यावरून जाणारा माणूस मोठ्यानं बोलायचा. मराठी वाचायला मी शाळेआधी तिथंच, मशिनीतून वर सरकणाऱ्या कागदावर शिकले. पुढं मशिनी गंजल्या, पोरं कॉम्प्युटर क्लासला गेली. अप्पांनी दोन हजार चार साली एक कॉम्प्युटर घेतला, इंटरनेट घेतलं, आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायला लागले. लोक त्यांना मास्तरच म्हणत राहिले.

ते माउस वापरत नसत. हात कीबोर्डवरून उचलला की तो टायपिस्ट नव्हे, कारकून, असं त्यांचं मत होतं आणि ते ऐकायला कारकूनही यायचे. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब, सगळं झालं की एंटर. मशीनवर ओळ संपली की डाव्या हातानं कॅरेज मागं ढकलायची, तसं. सहा वर्षांत त्यांनी हजारांवर अर्ज भरले असतील. एकही बिघडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाया बसायला आल्या होत्या. बाहेर पुरुष. माझे चुलते मल्लप्पा कुणाला तरी सांगत होते, "दादाची नजर गेली होती हो. शेवटी शेवटी लय फॉर्म बिघडले म्हनं हातून." एका फॉर्मचे तीन दिवसांत लय फॉर्म झाले होते. मी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले.

"किती काका?"

"काय किती?"

"किती फॉर्म बिघडले?"

"लोक म्हनायलेत बाई. मी कुठं मोजायलो?"

"मोजा मग. एक भरला की थांबा."

अव्वानं आतून मला हाक मारली, तिला ते आवडलं नव्हतं.

त्याच दुपारी राजूबाई आली, रेणूची आई. धनगर घर. सासरा वारला तशी मेंढरंही गेली, ती आता दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते. रेणू भालकीत मामाकडं राहून बारावी झाली होती, एकोणऐंशी टक्के. राजूबाई आधी अव्वाच्या गळ्यात पडून रडली आणि ते रडणं खरं होतं. मग तोंड पुसून माझ्याकडं वळली.

"अक्का, दुखाच्या घरात बोलू ने, पन बोलते. गुलबर्ग्याच्या त्या नर्सिंगच्या शाळंतनं फोन आलता. मास्तरांची चूक झाली म्हून घरच्या मानसानं लिहून दिलं तर पोरीचं बगतो म्हनलेत. उद्या सांजपस्तोर."

"चूक मास्तरांची होती कशावरून?"

"मग काय माझी होती?" तिचा आवाज चढला, पुन्हा उतरला. "गेलेल्या मानसाला कागदानं काय व्हायलंय अक्का? माझी पोरगी जिती हाय."

अव्वा म्हणाली, "लिहून दे लीला. ते असते तर त्यांनीच दिलं असतं."

"म्हणूनच मी देणार नाही," मी म्हणाले. मग राजूबाईला म्हणाले, "उद्या मी तुमच्याबरोबर येते. रेणूचं काम झाल्याशिवाय परत यायचं नाही. पण काय लिहायचं ते मी ठरवणार."

"म्हंजे भांडनार तुम्ही."

"बघू."

"बघू म्हनजे भांडनारच," राजूबाई अव्वाला म्हणाली. "बापासारखी न्हाई ही."

संध्याकाळ व्हायच्या आत मी दुकान उघडलं. अप्पांच्या खुर्चीवर बसले. मी पुण्यात वेबसाइटी करते, फॉर्म करणं हे माझं रोजचं काम. त्या नर्सिंग संस्थेची इंग्रजी साइट अजून चालू होती. अर्जाची तारीख संपली होती, पण तारीख फक्त वर लिहिलेली होती, दार कुणी बंद केलं नव्हतं. मी माझ्याच नावानं एक अर्ज भरला. पहिल्या पानाला एकच बटण होतं, जतन करा. टॅब, टॅब, एंटर. अर्ज जतन झाला.

मग तोच अर्ज दुरुस्तीसाठी पुन्हा उघडला. आता खाली तीन बटणं होती. डावीकडं मोठं हिरवं, सादर करा. मधे जतन करा. अगदी उजव्या कोपऱ्यात एक बारकं, राखाडी, अर्ज मागे घ्या. मी पिनकोडचा एक आकडा बदलला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, आणि अप्पांनी मारलं असतं तसं एंटर मारलं.

आपला अर्ज मागे घेण्यात आला आहे. या वर्षी पुन्हा अर्ज करता येणार नाही.

खात्री करून घेता का, असं विचारलंसुद्धा नाही.

ब्राउझरचा नियम साधा आहे. एका फॉर्मला एकाहून जास्त सबमिट बटणं असतील आणि माणसानं कुठलंच बटण न दाबता रकान्यातून एंटर मारलं, तर कोडमध्ये जे बटण सगळ्यांत आधी लिहिलेलं आहे तेच दाबलं असं धरतात. पडद्यावर ते कुठं दिसतं याला किंमत नाही. मी पानाचा कोड उघडून बघितला. करणाऱ्यानं तिन्ही बटणांना उजवीकडं तरंगत ठेवलं होतं. तसं केलं की आधी लिहिलेलं उजव्या टोकाला जातं आणि शेवटी लिहिलेलं डावीकडं येतं. कोडमध्ये पहिलं होतं, अर्ज मागे घ्या. सर्व्हरला तेवढाच निरोप गेला की मागे घ्या दाबलं. दाबणाऱ्याच्या हातात काय होतं ते सर्व्हरला कळत नाही.

जो माउसनं टिचक्या मारत अर्ज भरतो त्याच्या बाबतीत हे कधीच घडलं नसतं. हात न उचलणाऱ्या माणसाच्याच बाबतीत घडलं. चांगल्या टायपिस्टाच्या.

शुक्रवारी आम्ही तिघी गुलबर्ग्याला गेलो. गाडीत राजूबाईनं खिडकीपाशी बसून शेंगा फोडल्या, निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या, आणि हुमनाबाद जाईपर्यंत एकच सांगत राहिली: जोरात बोलू नका. रेणू पुढच्या बाकावर मार्कमेमोची, म्हणजे गुणपत्रिकेची, पिशवी छातीशी धरून बसली होती. ती मागं न वळता म्हणाली, "आये, त्यान्ला बोलू दी की."

संस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. महांतेश नावाचा क्लार्क कॉम्प्युटरवर बसायचा, पोट खुर्चीच्या दोन हातांत अडकलेलं, स्वभावानं बरा. प्रिन्सिपल बसवंतप्पा सरांनी आधी कन्नडात चौकशी केली, मग राजूबाईकडं बघून मराठीवर आले.

"वाईट झालं. चांगला माणूस. बसा. कागद आणलाय का लिहून?"

"आणला नाही सर. आधी पाच मिनिटं तुमचा कॉम्प्युटर पाहिजे."

"म्याडम, सर्व्हर स्लो हाय," महांतेश म्हणाला.

"मी थांबते."

मी महांतेशला नवा अर्ज भरायला लावला. त्यानं दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून, स्वतःचंच नाव टाइप केलं. रेणू हसली, आईनं तिला चिमटा काढला. अर्ज जतन झाला, पुन्हा उघडला.

"आता गावाच्या नावात एक अक्षर बदला आणि एंटर मारा. माउस सोडा."

"माझ्या हातनं नको म्याडम. काय झालं तर माझ्यावर यायचं."

"हेच तर," मी म्हणाले.

प्रिन्सिपल उठून आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, महांतेशच्या खांद्यावरून हात घालून स्वतः एक अक्षर खोडलं आणि एंटर मारलं. पडद्यावर वाक्य आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मी कुठं विथड्रॉ दाबलंय?"

"तुम्ही नाही दाबलं सर. आणि असं होणार हे दाबणाऱ्याला दिसत नाही."

राजूबाईला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, पण प्रिन्सिपलांचं तोंड वाचता आलं. "म्हंजे मास्तर खरं सांगत होते," ती रेणूला म्हणाली. फार हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मी महांतेशला विचारलं, या वर्षी किती जणांनी अर्ज मागे घेतले? तो सरांकडं बघायला लागला. सरांनी अडवलं नाही म्हणून त्यानं यादी काढली. तपासायला भरलेले माझा आणि त्याचा सोडले तर चौदा. त्यातले अकरा शेवटच्या दोन दिवसांत. औरादची एक, चिंचोळीच्या दोन, आळंदची एक. टक्के सत्तर, ब्याऐंशी, पंच्याहत्तर.

"चौदा पोरींनी सीट लागेल एवढे टक्के असताना अर्ज मागे घेतले? कुणीच विचारलं नाही, का म्हणून?"

"यादीत मागे घेतला म्हणूनच येतंय म्याडम," महांतेश म्हणाला. "आमी समजलो, लग्न ठरलं असंल."

प्रिन्सिपलांनी त्याला चहा आणायला पाठवलं आणि मग दार पुढं लोटलं. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं देते, कारण ते वाईट माणूस नव्हते.

"हे बघा बाई. साइट करून दिली ती अध्यक्षांच्या पाहुण्यांनी. फॉर्म चुकीचा आहे असं मी फाइलीत लिहिलं तर उद्या माझी फाइल उघडेल. या मुलीचं मी आज करतो. आत्ता. दोन ओळी द्या, केंद्रचालकाच्या अनवधानानं अर्ज मागे घेतला गेला. बस. गेलेल्या माणसाचं कुणी काही वाकडं करू शकत नाही."

"आणि बाकीच्या तेरा?"

"त्या आल्या नाहीत. तुम्ही आलात."

"अक्का," राजूबाई म्हणाली. नुसतं एवढंच. तिनं माझ्या दंडाला धरलं होतं आणि ती बोटं मजुरीची होती.

मी टेबलावरचा कागद ओढून घेतला. दोन ओळी नाही, पान भरून लिहिलं. फॉर्ममध्ये काय आहे, एंटर मारल्यावर काय होतं, ते प्रिन्सिपलांनी स्वतः अमुक वाजता करून बघितलं आहे. बटणांचा क्रम बदलावा, मागे घेण्याचा फॉर्म वेगळा ठेवावा, आणि दाबल्यावर एकदा विचारावं. शेवटी चौदाही नावं लिहिली आणि त्यांना पुन्हा संधी द्यावी असं लिहिलं. सही केली.

प्रिन्सिपलांनी वाचलं आणि कागद माझ्याकडं परत सरकवला. "हा मी घेऊ शकत नाही."

"मग मी पोस्टानं पाठवीन. अध्यक्षांना, विद्यापीठाला आणि या चौदा घरांना."

"सर," रेणू एकदम म्हणाली, "मी मास्तरांच्या शेजारीच बसले होते. त्यांचा हात माउसला लागलाच न्हाई. एंटर मारून ते माझ्याकडं बगून हसलेसुदिक, झालं बग पोरी म्हून."

"तुला कुणी विचारलं?"

"कुनीच न्हाई विचारलं. म्हून तर सांगायले."

राजूबाईनं या वेळी तिला चिमटा काढला नाही.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. आठ दिवसांनी चौदा घरी पत्रं गेली. दहा जणी आल्या. दोघींची तोवर खरोखरच लग्नं ठरली होती आणि दोन पत्रं पत्ता न सापडल्यानं परत आली. रेणू आता दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसली आहे आणि सुट्टीत आली की अव्वाची शुगर तपासते. साइट बदलली. कुणामुळं बदलली हे कुठंही लिहिलेलं नाही.

पण त्या शुक्रवारी ते ठरलेलं नव्हतं. महांतेश चहा घेऊन आला होता. प्रिन्सिपलांनी कप माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे, जवळजवळ दयेनं म्हणाले, "बाई, तुम्ही भांडताय ते मी समजू शकतो. पण तुमच्या वडिलांनी तर स्वतः कबूल केलं होतं. महांतेश, सांग."

महांतेश ट्रे छातीशी धरून उभा राहिला. "व्हय म्याडम. सोमवारी साडेदहाला फोन आलता मास्तरांचा. मी नोंद केलोय रजिस्टरला. म्हनले, चूक माझीच हाय, पोरीला शिक्षा देऊ नका. मी इचारलो, मास्तर तुमी तर शनवारी न्हाई म्हनत होता? तर म्हनले, माझी मुलगी पुन्याला इंजिनिअर हाय, तिला इचारलो. ती म्हनली, तुमीच दाबलं असनार. ती खोटं सांगत न्हाई."

साडेदहाला माझी गाडी हुमनाबादच्या वाटेवर होती.

प्रिन्सिपलांना वाटलं असावं की संपलं. त्यांनी नवा कोरा कागद काढला आणि त्यावर पेन ठेवलं. मी पेनला टोपण लावलं.

"महांतेश, कॉम्प्युटरवर बसा. मी सांगते ते टाइप करा. हळू सांगते."

तो सरांकडं बघायला लागला.

"तुमच्या रजिस्टरात एक कबुली आहे ना? तिच्याखाली हे लावायचं आहे. बसा."

तो बसला. त्याची दोन बोटं वर उचललेली होती. माझा आवाज चढला नाही, राजूबाईनं सांगितलं होतं तसा.

"मी, शिवलीला माणिकप्पा, राहणार भालकी, फॉर्म बनवण्याचं काम करते. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः असाच फॉर्म केला होता, त्यात पहिलं बटण चुकीचं होतं. लोकांच्या तक्रारी आल्या. मी सगळ्यांना उत्तर पाठवलं की चूक तुमची आहे, आणि मग कुणाला न सांगता क्रम बदलला. झालं? पुढं. सोमवारी सकाळी माझ्या वडिलांनी मला विचारलं. एंटर मारलो आणि अर्ज मागं गेला, असं ते म्हणाले. त्याच क्षणी मला कारण कळलं होतं. नंतर नाही, दुकानात बसून नाही. तिथंच दारात, बॅग हातात असताना. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती, मग इथं फोन करावा लागला असता, मग माझी गाडी गेली असती. म्हणून मी त्यांना म्हणाले, तुम्हीच दाबलं असणार. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि तुम्हाला फोन केला. टाइप करा महांतेश, थांबू नका. मी खोटं बोलले. त्यांनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."